अकरावीला तिसऱ्या पसंतीचं कॉलेज लागलंय, घ्यायचं की थांबायचं? नोबेल मिळालेलं एक गणित काय सांगतं?

शनिवारी, २८ जून २०२५ ला अकरावीची पहिली यादी लागली. आमच्या मीरा रोडच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एरवी पाण्याचा टँकर आणि पार्किंग यापलीकडे काही चालत नाही. त्या दिवशी मात्र सकाळपासून एकच प्रश्न फिरत होता.

"मुलीला तिसऱ्या पसंतीचं कॉलेज लागलंय. घेऊन टाकू की दुसऱ्या फेरीची वाट बघू?"

पाच मिनिटांत उत्तरं आली. एक काका म्हणाले, "हातातलं सोडू नका, घेऊन टाका." एक ताई म्हणाल्या, "थांबा, दुसऱ्या यादीत कट-ऑफ खाली येतोच." आणि तिसऱ्यानं निदान केलं, "तुमचा फॉर्मच चुकला. हे कॉलेज पहिल्या नंबरला टाकलं असतं तर टेन्शनच नव्हतं. वरती मोठी नावं टाकली की खालचं पण जातं."

तिन्ही उत्तरं पूर्ण आत्मविश्वासानं दिलेली. त्यातलं तिसरं सरळ चूक आहे. पहिली दोन अर्धी बरोबर आहेत. कोणतं अर्धं, ते बघायचं तर आधी हे जागावाटप चालतं कसं ते समजून घ्यावं लागेल. या विषयाचा अर्थशास्त्रात एक आख्खा सिद्धांत आहे आणि त्याला २०१२ मध्ये नोबेलही मिळालंय. त्याला म्हणतात मॅचिंग थिअरी, म्हणजे जोड्या जुळवण्याचं शास्त्र.

आधी आकडे बघू

२०२५ मध्ये पहिल्यांदाच संपूर्ण महाराष्ट्रात अकरावीचे प्रवेश एकाच केंद्रीय ऑनलाइन पद्धतीनं सुरू झाले. याआधी ही पद्धत मुंबई महानगर प्रदेश, पुणे-पिंपरी चिंचवड, नाशिक, नागपूर आणि अमरावती या भागांपुरतीच होती. मीरा-भाईंदर महानगर प्रदेशात येत असल्यानं इथल्या पालकांना ही भानगड नवी नाही. मुंबईत ती २००९ पासून सुरू आहे.

राज्यात नऊ हजारांहून जास्त कनिष्ठ महाविद्यालयं आणि २१ लाखांहून जास्त जागा आहेत. राज्य मंडळाच्या दहावीचा निकाल २०२५ मध्ये ९४.१० टक्के लागला आणि सुमारे १४ लाख ५५ हजार मुलं पास झाली. सीबीएसई आणि आयसीएसईची मुलं यात मिळवली तरी जागा मुलांपेक्षा जास्तच राहतात.

मग ही धावपळ कशासाठी? कारण टंचाई जागांची नाहीये. टंचाई आहे ती ठरावीक जागांची. पार्ल्याचं ते कॉलेज, चर्चगेटचं ते कॉलेज, कांदिवलीची ती सायन्सची तुकडी. सगळ्यांना तेच हवं असतं.

पहिल्या फेरीत सुमारे ६ लाख ३२ हजार मुलांना कॉलेज मिळालं. त्यातल्या सुमारे ४ लाख ५७ हजार मुलांना पहिल्या पसंतीचं मिळालं. म्हणजे ज्यांना मिळालं त्यांच्यात दर १०० पैकी ७२ जणांना हवं ते मिळालं, असा हिशोब निघतो. हा आकडा बातम्यांमध्ये सगळीकडे आहे आणि ऐकायला छान वाटतो. पण त्यात एक मेख आहे. तिच्याकडे शेवटी येऊ.

पैशानं न सुटणारा बाजार

भाजी बाजारात टोमॅटो कमी आले की भाव वाढतो. ज्याला परवडतं तो घेतो. किंमत हाच तिथला पंच असतो.

पण काही गोष्टी अशा विकता येत नाहीत, निदान विकल्या जाऊ नयेत असं आपण ठरवलेलं असतं. सरकारमान्य कॉलेजातली जागा, मूत्रपिंड, किंवा जोडीदार. इथे तुम्ही समोरच्याला निवडता आणि समोरच्यानंही तुम्हाला निवडावं लागतं. अशा ठिकाणी किंमत पंच होऊ शकत नाही, म्हणून नियम लागतात. ते नियम कसे असावेत, हा मॅचिंग थिअरीचा प्रश्न आहे.

१९६२ मध्ये डेव्हिड गेल आणि लॉईड शॅप्ली या दोन गणितज्ञांनी एक छोटासा शोधनिबंध लिहिला. विषय होता कॉलेज प्रवेश आणि लग्नं. हो, दोन्ही एकत्र. त्यांची युक्ती आपल्याकडच्या स्थळं बघण्याच्या भाषेत चटकन कळते.

मुलीकडे एक स्थळ येतं. घरचे लगेच "हो" म्हणत नाहीत. ते म्हणतात, "कळवतो." मग दुसरं स्थळ येतं. ते जास्त पसंत पडलं तर पहिल्याला नकार जातो आणि दुसऱ्याला "कळवतो" जातं. नकार मिळालेला मुलगा आपल्या यादीतल्या पुढच्या घरी जातो. असं करत करत ज्या दिवशी कोणाकडेच नवीन स्थळ येत नाही, त्या दिवशी सगळ्या "कळवतो"चं एकदम "हो" होतं.

गेल आणि शॅप्ली यांनी सिद्ध केलं, की असं केलं तर जमलेल्या जोड्या टिकाऊ असतात. म्हणजे असे कोणी दोघं उरत नाहीत, की जे एकमेकांना आपल्या सध्याच्या जोडीदारापेक्षा जास्त पसंत करतात. कॉलेजच्या भाषेत सांगायचं तर, "मला ते कॉलेज जास्त हवं होतं, माझे मार्कही जास्त होते, तरी माझ्यापेक्षा कमी मार्कवाल्याला ते मिळालं" असं म्हणायची वेळ कोणावरच येत नाही.

शॅप्ली यांना २०१२ मध्ये ॲल्विन रॉथ यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. गेल तोपर्यंत हयात नव्हते. रॉथ यांनी हे गणित कागदावरून उचलून अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या नेमणुका, शाळाप्रवेश आणि मूत्रपिंड प्रत्यारोपणात वापरलं.

"वरती मोठी नावं टाकली की खालचं पण जातं" हे चूक का?

आता ग्रुपवरच्या तिसऱ्या उत्तराकडे येऊ. हा समज इतका पक्का आहे की अनेक हुशार मुलं त्यापायी स्वतःहून मागे राहतात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. भाईंदरची तीन मुलं: सईला ९४ टक्के, धवलला ९१, फैजानला ८९. कॉलेजं तीन आणि प्रत्येकात एकच जागा: एक पार्ल्याला, एक बोरिवलीला, एक भाईंदरला.

सईची पहिली पसंती पार्ले. धवलची यादी पार्ले, बोरिवली, भाईंदर. फैजानची यादी बोरिवली, पार्ले, भाईंदर.

समजा नियम असा असता, की आधी सगळ्यांच्या फक्त पहिल्या पसंती बघायच्या आणि जागा भरून टाकायच्या. मग पार्ले सईला जातं, कारण तिचे मार्क धवलपेक्षा जास्त. बोरिवली फैजानला जातं, कारण ते पहिल्या नंबरला त्यानं एकट्यानंच टाकलंय. मग धवलची दुसरी पसंती बघायची. ती बोरिवली, आणि ते तर भरलं. धवलच्या वाट्याला भाईंदर येतं. फैजानपेक्षा दोन टक्के जास्त असूनही त्याला हवं ते मिळालं नाही. का, तर त्यानं मनातली खरी गोष्ट लिहिली म्हणून.

या पद्धतीला अभ्यासक 'बॉस्टन पद्धत' म्हणतात, कारण बॉस्टनच्या शाळांमध्ये ती वर्षानुवर्षं चालत होती. अतिला अब्दुलकादिरोग्लू आणि तायफुन सोन्मेझ या अर्थतज्ज्ञांनी २००३ मध्ये तिच्यातला दोष मांडला. जे पालक खेळ ओळखून होते ते 'सेफ' शाळा वर टाकायचे. जे साधेपणानं खरं लिहायचे ते मार खायचे. २००५ मध्ये बॉस्टननं ही पद्धत बंद केली.

आपल्या अकरावीत ही पद्धत नाहीये. इथे गुणवत्तेनुसार एकेका मुलाचा नंबर लागतो आणि त्याच्या यादीतलं सगळ्यात वरचं, जागा शिल्लक असलेलं कॉलेज त्याला मिळतं. मग पुढचा मुलगा. आरक्षणाच्या प्रवर्गांचा हिशोब यात असतोच, पण गाभा हाच.

आता तीच मुलं पुन्हा बघा. सईला पार्ले. मग धवलचा नंबर: पार्ले भरलं, बोरिवली रिकामं, त्याला बोरिवली. मग फैजान: बोरिवली भरलं, पार्ले भरलं, त्याला भाईंदर. पार्ले पहिल्या नंबरला टाकल्यानं धवलचं काहीच नुकसान झालं नाही. कारण संगणक "हे कॉलेज तू कितव्या नंबरला टाकलंस?" असं विचारून कोणाला मागे ढकलत नाही. तो फक्त मार्क बघतो.

म्हणजे एका फेरीपुरतं बोलायचं तर मनातलं कॉलेज वर लिहिल्यानं खालचं कॉलेज जात नाही. ग्रुपवरच्या त्या मुलीला तिसरं कॉलेज लागलं, कारण वरच्या दोन्ही ठिकाणी तिच्या मार्कांपर्यंत जागा उरली नव्हती. तिसरं पहिल्या नंबरला टाकलं असतं तरी मिळालं असतं तेच. फक्त मग वर जायची वाट बंद झाली असती.

मग अडतं कुठे? तीन ठिकाणी

एक: फक्त दहा पसंती. फॉर्मवर कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त दहा कॉलेजं टाकता येतात. "खरं लिहा, नुकसान नाही" हा नियम यादी हवी तितकी लांब असेल तेव्हाच शंभर टक्के लागू होतो. दहाची मर्यादा आली की दहाच्या दहा जागा हाताबाहेरच्या कॉलेजांवर खर्च करणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. म्हणून कोणती दहा टाकायची, इथे अंदाज आलाच.

न्यूयॉर्कचं उदाहरण इथे बघण्यासारखं आहे. तिथे हायस्कूल प्रवेशात पूर्वी मुलं पाच शाळा लिहायची आणि दरवर्षी सुमारे ३० हजार मुलांना यादीत नसलेली शाळा माथी मारली जायची. रॉथ आणि सहकाऱ्यांनी नवी पद्धत बसवली, यादी बारापर्यंत वाढवली आणि पहिल्याच वर्षी हा आकडा सुमारे ३ हजारांवर आला.

दोन: पहिल्या पसंतीचं कुलूप. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून तुम्ही बाहेर. नियमामागचं कारण समजण्यासारखं आहे. जागा अडवून बसणाऱ्यांना आळा बसावा आणि पुढच्या फेऱ्या लवकर आटपाव्यात. पण या नियमात एक गृहीतक लपलंय: पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला फॉर्म भरतानाच आपल्याला नक्की काय हवंय हे माहीत असतं.

तीन: फेऱ्यांमधली गळती. हा सगळ्यात कमी बोलला जाणारा आणि मीरा रोडच्या त्या घराला सगळ्यात जास्त भिडणारा मुद्दा. आपल्या तीन मुलांकडे पुन्हा जाऊ.

धवलला दुसऱ्या पसंतीचं बोरिवली लागलं. घरचे म्हणाले, "हातातलं सोडू नको." त्यानं प्रवेश घेतला. फैजानला तिसऱ्या पसंतीचं भाईंदर लागलं, त्यानं ते घेतलं नाही आणि थांबला. तेवढ्यात सईनं विचार बदलला आणि ती पॉलिटेक्निकला गेली. पार्ल्याची जागा रिकामी झाली.

दुसऱ्या फेरीत ती जागा कोणाला? फैजानला, ८९ टक्क्यांवर. धवलला ९१ आहेत, पार्ले त्याची पहिली पसंती होती, पण प्रवेश घेतल्यामुळे तो खेळातूनच बाहेर आहे. गेल आणि शॅप्ली यांनी जी तक्रार कोणाच्याच तोंडी येऊ नये म्हणून सगळं गणित मांडलं, नेमकी तीच तक्रार इथे धवलच्या तोंडी येते.

उलटही होऊ शकतं. सई कुठेच गेली नसती, तर फैजान थांबून बसला असता आणि भाईंदरची जागा दुसऱ्या फेरीत आणखी कोणीतरी नेली असती.

म्हणजे "घेऊ की थांबू" याचं उत्तर तुमच्या मार्कांत नाही. सई काय करणार आहे यात ते आहे. आणि ते तुम्हाला माहीत नाही.

खरी टंचाई माहितीची आहे

दुसऱ्या फेरीत जागा येतात कुठून? मुख्यतः दोन वाटांनी. पहिली, ज्यांना जागा मिळाली पण त्यांनी ती घेतली नाही. दुसरी, कोट्यातल्या न भरलेल्या जागा. इनहाऊस कोटा १० टक्के, व्यवस्थापन कोटा ५ टक्के आणि अल्पसंख्याक संस्थांमध्ये ५० टक्के अल्पसंख्याक कोटा असतो. यातल्या ज्या जागा भरत नाहीत त्या कॉलेजं परत करतात. कॉलेजच्या भाषेत 'सरेंडर' करतात.

एखाद्या कॉलेजात दरवर्षी सरेंडर होणाऱ्या जागा किती, हे ज्याला कळतं त्याला थांबायचं की नाही हे ठरवणं सोपं जातं. कोणाला कळतं हे? ज्याचा मोठा भाऊ त्याच कॉलेजात आहे त्याला. ज्याच्या महागड्या क्लासमध्ये समुपदेशक आहे त्याला. ज्याची ओळख कॉलेजच्या ऑफिसपर्यंत आहे त्याला. भाईंदरमध्ये ज्या घरातलं कोणी आजवर कॉलेजातच गेलेलं नाही, त्या घरातल्या मुलीकडे यातलं काहीच नसतं. मार्क सारखे असले तरी या दोघी एकाच रांगेत नाहीत.

पसंती ठरते कशी, हाही माहितीचाच प्रश्न आहे. आपण विचारतो, "गेल्या वर्षी कट-ऑफ किती होता?" ९३ म्हटलं की कॉलेज भारी, ७२ म्हटलं की सो-सो. पण कट-ऑफ कॉलेज किती चांगलं शिकवतं हे सांगत नाही, ते सांगतं गर्दी किती होती. गर्दी बघून गर्दी जमते, कट-ऑफ आणखी चढतो आणि नाव आणखी मोठं होतं.

जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर लिहिताना हेच दाखवलं होतं, की घेणाऱ्याला आतला माल दिसत नसेल तर चांगल्या मालालाही योग्य भाव मिळत नाही. त्यांनाही पुढे, २००१ मध्ये नोबेल मिळालं. कॉलेजचंही तसंच. आत काय चालतं ते दिसत नाही, म्हणून आपण पाटी वाचतो. भाईंदर-मीरा रोडमधलं एखादं कॉलेज मन लावून शिकवत असेल, तरी ते कट-ऑफमध्ये दिसणार नाही.

त्यात 'इंटिग्रेटेड' नावाचं प्रकरण आहे. कागदावर प्रवेश कॉलेजात, प्रत्यक्षात मूल दिवसभर कोचिंग क्लासमध्ये. या प्रकाराला आळा घालायला २०१८ मध्ये राज्य सरकारनं कनिष्ठ महाविद्यालयांच्या सायन्स शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला होता. पण फॉर्म भरताना कोणत्या कॉलेजात वर्ग खरोखर भरतात, हे पालकाला कसं कळणार?

विरार लोकल पसंतीक्रमात कुठे बसते?

मीरा-भाईंदरच्या मुलांसाठी यात एक वेगळाच गुंता आहे. हे शहर ठाणे जिल्ह्यात, पण ठाणे शहर घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकपलीकडे. रेल्वेनं पुढचं स्टेशन दहिसर, म्हणजे मुंबई. त्यामुळे इथली मुलं मनानं पश्चिम रेल्वेची असतात. बोरिवली, कांदिवली, अंधेरी, पार्ले आणि थेट चर्चगेट.

मीरा रोड ते चर्चगेट अंतर साधारण ४० किलोमीटर आहे. नकाशावर हा सरळ मार्ग. प्रत्यक्षात सकाळी विरारहून भरून आलेल्या फास्ट लोकलमध्ये मीरा रोडला चढायला मिळणं हीच एक प्रवेश परीक्षा आहे, आणि तिची गुणवत्ता यादी रोज लागते. संध्याकाळी परतताना विरार लोकलमध्ये चढलात तर मीरा रोडला उतरण्याची वेगळी परीक्षा.

जाऊन-येऊन तीन-चार तास, दोन वर्षं. ज्या मुलीला घरून "अंधार पडायच्या आत घरी" अशी अट आहे, तिच्यासाठी हे तास म्हणजे प्रॅक्टिकल बुडणं आहे. म्हणून पसंतीक्रम लिहिताना कॉलेजचं नाव आणि प्रवास मिळून एक पर्याय धरायला हवा. "चर्चगेटचं कॉलेज" असा पर्यायच नसतो. पर्याय असतो "चर्चगेटचं कॉलेज आणि सकाळी साडेपाचला उठणं".

गंमत म्हणजे सिद्धांताच्या दृष्टीनं पसंती ही पसंती असते. प्रवास नको म्हणून जवळचं कॉलेज वर टाकणारी मुलगी अजिबात चुकत नाही, जर ती तिची खरी पसंती असेल तर. चूक तेव्हा होते, जेव्हा ती "मला तिकडे मिळणारच नाही" या भीतीनं क्रम बदलते.

दुसऱ्या ठिकाणी काय करतात?

फेऱ्यांमधल्या गळतीवर उपाय नाहीत असं नाही. आयआयटी आणि एनआयटीचे प्रवेश पूर्वी वेगवेगळे व्हायचे. एकच मूल दोन्हीकडे जागा घ्यायचं आणि एक जागा वाया जायची. २०१५ पासून दोन्हींचं जागावाटप एकत्र होतं आणि ते गेल-शॅप्लींच्या गणितावर बेतलेलं आहे. ते बसवणाऱ्यांमध्ये आयआयटी कानपूरचे सुरेंदर बासवाना आणि आयआयटी मुंबईचे शरत चंद्रन असे आपलेच प्राध्यापक होते.

तिथे जागा मिळालेल्या मुलाला 'फ्लोट'चा पर्याय असतो. म्हणजे ही जागा माझ्याकडे ठेवा, पण पुढच्या फेरीत माझ्या यादीतलं वरचं काही रिकामं झालं तर मला तिकडे न्या. नाही झालं तर हीच जागा माझी. महाराष्ट्रातल्या इंजिनीअरिंगच्या कॅप फेऱ्यांमध्येही 'बेटरमेंट' नावानं असा पर्याय आहे.

अकरावीला असं असतं तर धवलवर ती वेळ आली नसती. पार्ले रिकामं झाल्यावर धवल आपोआप तिकडे, त्याच्या बोरिवलीच्या जागी फैजान, आणि फैजानची भाईंदरची जागा आणखी कोणाला. तिघांपैकी कोणालाही जुगार खेळावा लागला नसता.

दुसरी बाजूही आहे. अकरावीला मुलांची संख्या काही लाखांत आहे. प्रत्येक फेरीत मुलं सरकत राहिली तर कॉलेजला आपला वर्ग कोणता हेच कळायला उशीर होईल. फी परत करणं, कागदपत्रं हलवणं आणि लांबलेलं सत्र हे सगळं आलं. २०२५ मध्ये नोंदणीच्या पहिल्याच दिवशी वेबसाइट बसली होती, हेही विसरून चालणार नाही. पण हे अडथळे राबवण्यातले आहेत. इंजिनीअरिंगला जे जमतं ते अकरावीला कधीच जमणार नाही असं मानायचं कारण नाही.

आणि त्याआधी, याच वर्षी करता येण्यासारखं एक काम आहे: माहिती खुली करणं. प्रत्येक कॉलेजचा फक्त शेवटचा कट-ऑफ न देता तो फेरीनिहाय द्यावा. पहिल्या फेरीनंतर किती जागा सुटल्या, कोट्यातल्या किती परत आल्या, फी किती, बारावीचा निकाल काय, हे एका पानावर, मराठीत, मोबाइलवर वाचता येईल असं असावं. हा सगळा डेटा प्रवेशाच्या यंत्रणेतूनच तयार होतो. आज तो ओळखीपाळखीनं मिळतो, तो सगळ्यांना मिळाला तर निम्मा जुगार संपेल.

आणि ती ७२ टक्क्यांची मेख

दर १०० पैकी ७२ जणांना पहिली पसंती मिळाली, ही आनंदाची बातमी आहे का? कदाचित. राज्याच्या मोठ्या भागात जागा मुलांपेक्षा जास्त आहेत, तिथे पहिली पसंती मिळणारच. पण मुंबईच्या पट्ट्यात ज्या मुलानं घाबरून 'सेफ' कॉलेज पहिल्या नंबरला टाकलं, तोही याच आकड्यात 'पहिली पसंती मिळाली' म्हणून मोजला जातो. आणि त्याला तर आता कुलूपही लागलंय. फॉर्मवरची पहिली पसंती ही मनातली पहिली पसंती होती का, हे तो आकडा सांगू शकत नाही.

तर मग आता करायचं काय?

ज्यांना पहिल्या पसंतीचं लागलंय त्यांच्यासाठी प्रश्न नाही. प्रवेश घ्या. नियमित फेऱ्यांत राहण्याचा दुसरा मार्ग नाही.

दुसऱ्या ते दहाव्या पसंतीचं लागलेल्यांनी स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. एक, हे कॉलेजही गेलं तर त्याखाली जे मिळेल ते मला चालेल का? उत्तर 'नाही' असेल तर थांबू नका. दोन, वरच्या कॉलेजच्या पहिल्या यादीचा कट-ऑफ माझ्यापासून किती दूर आहे? एखाद-दुसऱ्या दशांशाचा फरक असेल आणि तुकडी मोठी असेल तर थांबण्यात अर्थ आहे. तीन-चार टक्क्यांचा असेल तर ती आशा आहे, अंदाज नाही.

ज्यांना काहीच लागलं नाही, त्यांनी दुसऱ्या फेरीसाठी यादी नव्यानं बघावी. कोणती दहा टाकायची हे कट-ऑफ आणि ट्रेनचं टाइमटेबल बघून ठरवा. पण त्या दहांचा आपसातला क्रम मनाप्रमाणेच लावा. जे कॉलेज लागलं तरी जाणार नाही, ते पहिल्या नंबरला कधीच टाकू नका. आणि "वरचं टाकलं की खालचं जातं" हे ज्यानं सांगितलं त्याला धवलची गोष्ट सांगा.

आमच्या ग्रुपवरच्या त्या बाईंना मी हेच दोन प्रश्न पाठवले. रात्री त्यांचा मेसेज आला. वरच्या दोन्ही कॉलेजांचे कट-ऑफ मुलीपासून साडेतीन टक्क्यांच्या वर होते आणि लागलेलं कॉलेज बोरिवलीचं, म्हणजे दोन स्टेशनांवर. "घेतोय," त्यांनी लिहिलं होतं. खाली मुलीचा स्वतःचा मेसेज होता: "पण हे पहिल्यापासून मलाच विचारलं असतं तर मी हेच वर टाकलं असतं."

फॉर्म कोणी भरला होता, हे मी विचारलं नाही.